क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह : नावं चार, इंजिन एक

मुळाकाठ (धागालेखक)

"साइट क्रोम, एज, ऑपेरा आणि ब्रेव्ह अशा चार ब्राउझरांवर तपासली" हे वाक्य चाचणीच्या अहवालांत सर्रास दिसतं. प्रत्यक्षात ती साइट एकाच ठिकाणी तपासलेली असते. चौकात चार दुकानं, चार पाट्या, पण माल एकाच गोदामातला, असा हा प्रकार आहे. त्या गोदामाचं नाव ब्लिंक आणि किल्ल्या गूगलकडे.

ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राउझरची खिडकी, टॅब, बुकमार्क हा सगळा वरचा साज. पानाचा एचटीएमएल आणि सीएसएस वाचून कुठलं अक्षर कुठे बसवायचं, चित्र किती रुंद काढायचं, बटण दाबल्यावर काय करायचं हे ठरवतं ते आतलं इंजिन. आज मोठ्या वापरातली इंजिनं तीनच आहेत. गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं गेको. त्यातही ब्लिंक आणि वेबकिट भावंडंच. केडीई या मुक्त प्रकल्पातल्या मंडळींनी कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल लिहिलं. त्याच्यावरून ॲपलनं वेबकिट बेतलं आणि २००३ मध्ये सफारी आणला. २००८ साली क्रोम आला तो वेबकिट घेऊनच, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये गूगलनं वेगळी चूल मांडून ब्लिंक सुरू केलं. म्हणजे पूर्णपणे वेगळ्या रक्ताचं असं गेको एकटंच उरलं आहे.

बाकीचे कुठे गेले? ऑपेराकडे प्रेस्टो होतं. २०१३ च्या फेब्रुवारीत, तीस कोटी वापरकर्ते असल्याचं जाहीर करतानाच त्यांनी प्रेस्टो सोडत असल्याचं सांगितलं. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०१८ मध्ये एजचं स्वतःचं इंजिन सोडायचं ठरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा (क्रोमचा खुला मूळ कोड, ब्लिंक त्यातलंच) नवा एज दिला. पैसा आणि माणसं यांची कधीच वाण नसलेल्या कंपनीला इंजिन चालवणं परवडलं नाही, यातच परिस्थिती किती टोकाला गेली आहे ते दिसतं.

ब्राउझरांचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरचे आकडे बघितले तर जगात साधारण दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात. भारतात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. फायरफॉक्स, जो २००९-१० च्या सुमारास तिसाच्या आसपास टक्क्यांवर होता, तो आता दोन-तीन टक्क्यांवर आहे.

माझं म्हणणं वेगाबद्दल किंवा मेमरीबद्दल नाही. क्रोम उत्तम चालतो, त्यात वाद नाही. माझी काळजी अशी की वेबचं प्रमाण, म्हणजे लिखित नियम, तेव्हाच नियम राहतात जेव्हा किमान दोन वेगळ्या माणसांनी ते वाचून वेगवेगळा कोड लिहिलेला असतो. एकच कोड उरला की तो कोड जे करतो तोच नियम ठरतो, त्यातल्या चुकांसकट.

याचं एक जुनं आणि फार बोलकं उदाहरण आहे. वेब एसक्यूएल नावाचं एक प्रमाण डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम लिहिणाऱ्या संस्थेत घडत होतं. ब्राउझरच्या आतच डेटाबेस. कल्पना लोकांना आवडली होती आणि सफारी, क्रोम, ऑपेरात ती चालतही होती. पण नोव्हेंबर २०१० मध्ये त्या मसुद्याचं काम थांबवण्यात आलं. कारण स्पष्ट लिहिलेलं होतं : ज्यांनी ज्यांनी ते केलं त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हा एकच तयार डेटाबेस वापरला होता, आणि प्रमाण पुढे न्यायला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या एकाहून जास्त अंमलबजावण्या लागतात. सगळ्यांचं उत्तर एकाच वहीतून उतरवलेलं असेल तर ते बरोबर आहे हे ताडून कसं पाहणार? तेव्हा हा विचार करून एक चालतं काम बाजूला ठेवण्याइतकी ताकद त्या मंडळींत होती. आज अख्खं वेबच त्या वळणावर येऊन उभं आहे आणि आपल्याकडे मराठीत त्यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतंही हवी आहेत.


चिंचवडकर

विरोधी मत माझ्याकडून घ्या. पोटापाण्यासाठी फ्रंटएंड, म्हणजे साइटची दिसणारी बाजू, करतो आणि मला एक इंजिन असणं सोयीचं वाटतं, हे उघडपणे सांगतो.

इंटरनेट एक्स्प्लोररशी तुलना नेहमी होते, ती मला पटत नाही. त्याचा कोड बंद होता. क्रोमियमचा कोड आज कुणीही उतरवून घ्या, बदला, स्वतःच्या नावानं विका. मायक्रोसॉफ्ट, ओपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी तेच करतात. मायक्रोसॉफ्टचे लोक तर क्रोमियममध्ये भरपूर कोड परतही देतात. जानेवारी २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशननं क्रोमियमवरच्या ब्राउझरांना आधार द्यायला एक निधीही उभा केला, त्यात गूगलबरोबर मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि ओपेरा आहेत. सर्व्हरांच्या जगात लिनक्सची गाभ्याची प्रणाली एकच आहे, म्हणून कुणी रडत नाही. मग इथेच का?

दुसरं म्हणजे, इंजिन लिहिणं आता इतकं अवघड झालं आहे की तीन कंपन्यांनी तेच काम तीनदा करणं हा श्रमांचा अपव्यय वाटतो. तेच श्रम एका ठिकाणी लागले तर मराठीसारख्या भाषांच्या अडचणीही लवकर सुटतील, नाही का?


मुळाकाठ

चिंचवडकर, मुद्दा नेमका मांडलात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

कोड मुक्त असणं आणि निर्णय मुक्त असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्समध्ये कुठल्याही एका कंपनीचा शब्द अखेरचा नसतो. क्रोमियममध्ये बहुतांश काम गूगलच्या पगारावरची माणसं करतात आणि दिशा तीच ठरवतात. मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेन्शनांसाठीचे क्रोमचे नवे नियम, बघा. एक्स्टेन्शनना पानावर येणारी-जाणारी मागणी जागच्या जागी अडवता यायची, ती सोय गूगलनं काढली. २०२४-२५ मध्ये क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्यानं बंद पडलं. ब्रेव्ह आणि विवाल्डीच्या लोकांना हे नको होतं. पण मूळ कोडमधून एखादी गोष्ट गेली की ती आपल्या प्रतीत जिवंत ठेवायची तर दर काही आठवड्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीशी झुंजत बसावं लागतं. लहान टोळीला ते कायमचं जमत नाही. फायरफॉक्समध्ये जुनी सोय अजून चालते, कारण तिथला निर्णय वेगळ्या लोकांचा आहे. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीच्या हातात जाहिराती अडवण्याचे नियम असावेत का, एवढाच माझा प्रश्न आहे.

जुलै २०२३ मध्ये वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी नावाचा प्रस्ताव आला. तुमचा ब्राउझर आणि यंत्र 'विश्वासार्ह' आहे असं दाखला देणाऱ्या तिसऱ्यानं साइटला सांगायचं, अशी ती योजना. मोझिलानं उघड विरोध केला, विवाल्डी-ब्रेव्हनंही केला, आणि नोव्हेंबरात गूगलनं तो मागे घेतला. विरोध करणाऱ्यांत स्वतःचं इंजिन असलेलं कुणीतरी होतं म्हणून त्या विरोधाला वजन आलं, असं मी मानतो.

आणि एकच कंपनी साइटही चालवते, इंजिनही चालवते, तेव्हा काय होतं? २०१८ साली यूट्यूबची नवी रचना शॅडो डॉम या पान रचायच्या तंत्राच्या अशा जुन्या आवृत्तीवर उभी होती जी फक्त क्रोममध्ये होती. फायरफॉक्स आणि तेव्हाच्या एजला भरपाईचा अवजड कोड पाठवला जायचा. पान पाचपट हळू उघडतं अशी तक्रार मोझिलाच्या एका व्यवस्थापकानं तेव्हा जाहीरपणे केली होती. वेबवरचं गूगल अर्थ २०१७ मध्ये आलं ते फक्त क्रोमसाठी, आणि बाकी ब्राउझरांना २०२० पर्यंत थांबावं लागलं. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. आपल्याच ब्राउझरात चालतंय म्हटल्यावर पुढचं बघायची गरज उरत नाही, आणि माझ्या दृष्टीनं तेच जास्त गंभीर आहे.


सह्याद्री_सुरक्षा

सुरक्षेच्या बाजूनं भर घालते. व्ही८ मध्ये, म्हणजे क्रोमियमच्या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात, हल्लेखोर आधीच वापरत असलेलं भोक सापडलं की एकाच दिवशी क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी सगळे उघडे पडतात. गूगल दुरुस्ती लवकर देतं, बाकीच्यांना ती उचलायला कमीअधिक वेळ लागतो, आणि मधल्या काळात दुरुस्तीचा कोड वाचून हल्ला कसा करायचा हेही लोकांना कळतं.

मात्र इंजिनं वेगळी असली की आपोआप सुरक्षित, असंही समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीतलं भोक निघालं, तेव्हा फायरफॉक्सलाही तातडीनं दुरुस्ती काढावी लागली, कारण ती लायब्ररी सगळ्यांच्याच पोटात होती. विविधता हवी तर ती खालच्या थरांतही हवी.


करलेखा

सीए आहे, कोड लिहीत नाही. पण एका इंजिनावर सगळं बांधलं की काय होतं हे आमच्या व्यवसायानं भोगलंय.

डिजिटल सही करायची तर इंटरनेट एक्स्प्लोररच हवा, तोही ठरावीक आवृत्तीचा, ॲक्टिव्हएक्सला (एक्स्प्लोररमध्येच चालणारे मायक्रोसॉफ्टचे जोडप्रोग्राम) परवानगी दिलेला, किंवा मग जावाचं ॲपलेट. पुढे क्रोमनं २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये ती प्लगइनची जुनी पद्धत बंद केली. तरी काही पोर्टलं बदलायला तयार नव्हती. आमच्या ऑफिसात केवळ सह्यांसाठी एक जुना संगणक राखून ठेवला होता. त्यावर अपडेट येऊ द्यायचे नाहीत, कारण आला की सहीचं यूएसबी टोकन ओळखणं बंद. म्हणजे अशिलांची सगळ्यात नाजूक कागदपत्रं सगळ्यात असुरक्षित यंत्रावरून जायची. अंतिम तारखेच्या आदल्या रात्री अशिलाला "उद्या सकाळी बघू" सांगताना काय वाटायचं, ते याच कामातल्यांना विचारा.

दक्षिण कोरियात हेच देशभर झालं होतं. नव्वदीच्या शेवटी त्यांनी बँक व्यवहारांसाठी स्वतःची सीड नावाची सांकेतिक पद्धत केली, ती ब्राउझरात ॲक्टिव्हएक्समधून चालायची, आणि अख्खा देश एक्स्प्लोररला बांधला गेला. सरकारमान्य प्रमाणपत्रांचं ते विशेष स्थान कायद्यातून जायला डिसेंबर २०२० उजाडला. वीस वर्षं!

आता पोर्टलांवर 'क्रोममध्ये उघडा' असं लिहिलेलं असतं. म्हणजे पाटी तीच, आतलं नाव तेवढं बदललं.


चिंचवडकर

करलेखा, तुमचा त्रास समजू शकतो. पण ती चूक पोर्टल बांधणाऱ्यांची. प्रमाणाला धरून लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती.


मुळाकाठ

हो, पण प्रमाणाला धरून लिहायला भाग कोण पाडतं? दुसरा ब्राउझर. एक्स्प्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. त्यातली पहिली तीन वर्षं तगडा स्पर्धकच नव्हता. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आल्यावर मायक्रोसॉफ्टला पुन्हा हातपाय हलवावे लागले. आणि तो फायरफॉक्स तरी कुठून आला? नेटस्केपनं हरता हरता १९९८ मध्ये आपला कोड खुला केला होता, त्यातून.


अभ्रक

धागा वाचताना हात शिवशिवत होते. मी फाँटांच्या कामात आहे, त्यामुळे अक्षरांबद्दल लिहितो.

मराठी पान उघडल्यावर इंजिनाला काय काय करावं लागतं ते बघा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक आहे. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात अर्धा र पुढच्या अक्षराला चिकटून. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, आपल्याला रोज लागतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी. चांगल्या फाँटात दोन्ही आकार असतात, आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगितलेलं असेल तर इंजिनानं ती माहिती फाँटापर्यंत पोचवायची असते. आपल्याकडच्या कित्येक साइटांवर भाषा इंग्रजी किंवा हिंदीच लिहिलेली असते. तिथे इंजिन काही करू शकत नाही.

परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं म्हटलं तर 'क्षितिज'मधलं 'क्षि' अखंड उचललं पाहिजे, नुसता 'क' नाही. अक्षरांत अंतर वाढवलं तर जोडाक्षर फुटता कामा नये. खोडताना किती खोडायचं, कर्सर कुठे थांबवायचा, हेही त्यातच आलं. यात इंजिनं वर्षानुवर्षं वेगवेगळी वागत आली आहेत. डब्ल्यूथ्रीसीत भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा लिहून काढणारा एक गट आहे. देवनागरीत कुठल्या इंजिनात काय कमी आहे याचा आढावा तिथे घेतला जातो. युनिकोडनं तर हलन्तानं जोडलेली व्यंजनं एकाच गठ्ठ्यात मोजावीत हा नियम सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत आणला. इतकं मूलभूत काम इतकं अलीकडचं आहे!

आता चिंचवडकरांच्या मुद्द्याकडे. सगळे श्रम एका ठिकाणी लागले तर मराठीचं भलं होईल का? अर्धं खरं आहे. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही वापरतात, आणि त्यामुळे देवनागरीची एक दुरुस्ती दोन्हीकडे पोचते. सफारीचा मार्ग वेगळा, ॲपलच्या स्वतःच्या कोअर टेक्स्टचा. पण हार्फबझ कुठल्या एका ब्राउझरवाल्याची मालमत्ता नाही, लिनक्सच्या डेस्कटॉप मंडळींपासून सगळ्यांची ती सामाईक आहे. शिवाय दोन इंजिनांत 'आचाऱ्यांना' वेगळं दिसलं की कुणीतरी विचारतं, यातलं बरोबर कुठलं? एकच इंजिन असेल आणि त्यात ते चुकीचं दिसत असेल, तर दहा वर्षांनी मुलं तेच बरोबर समजून लिहू लागतील. आपल्यासाठी हा धोका खरा आहे, कारण इंग्रजीत चूक झाली तर एका दिवसात बोंब होते, मराठीतली चूक वर्षानुवर्षं पडून राहते.


मांडवीकाठ

अभ्रक, फार सुंदर प्रतिसाद.

म्हापशात नोकरीला होतो तेव्हा साध्या नोकियावर ऑपेरा मिनी असायचा. फोनमध्ये देवनागरी फाँटच नव्हता, सगळीकडे चौकोन. मग कुणीतरी सांगितलं की पत्त्याच्या पट्टीत ऑपेरा:कॉन्फिग लिहायचं, आणि सगळ्यात खाली जटिल लिप्यांसाठी बिटमॅप अक्षरं वापरायचा पर्याय असतो तो 'येस' करायचा. पान ऑपेराच्या सर्व्हरवरच रचलं जायचं आणि अक्षरं चित्रं होऊन फोनवर यायची. डेटा जास्त लागायचा, पण मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचता यायची. किती जणांनी मराठी संकेतस्थळं पहिल्यांदा अशी वाचली असतील!

त्या सर्व्हरांवर तेच प्रेस्टो चालायचं, जे मुळाकाठ यांनी वर सांगितलं. नॉर्वेतल्या एका कंपनीला स्वस्त फोनवाल्यांसाठी ही सोय करावीशी वाटली, कारण तिला मोठ्यांशी लढून जागा मिळवायची होती. ज्याच्याकडे आधीच सगळे गिऱ्हाईक आहेत त्याला असली खटपट सुचत नाही.


शेवंता_ना

+१. मी ऑपेरा:कॉन्फिगवाल्यांपैकीच. आमच्या वसतिगृहात सगळ्या मुलींच्या फोनवर ते करून देण्याचं काम माझ्याकडे होतं.

त्याच्याही आधी वर्तमानपत्रांच्या साइटांना आपापला फाँट उतरवून घ्यावा लागायचा, तेव्हा फायरफॉक्सचं पद्म नावाचं एक्स्टेन्शन होतं. जुन्या फाँटांत लिहिलेलं भारतीय भाषांमधलं पान ते युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. कुठल्या कंपनीनं केलं नव्हतं ते, लोकांनी केलं होतं.


ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून वाचतोय. ॲपलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, आत वेबकिटच असतं. ॲपलचा तसा नियमच आहे. म्हणजे मुळाकाठ यांनी जी तक्रार गूगलबद्दल केली तीच इथे ॲपलबद्दल लागू होते, आणि इथे तर सक्ती आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून, आयओएस १७.४ पासून, आमच्याकडे दुसरं इंजिन आणायची परवानगी मिळाली. पण अटी अशा की युरोपसाठी वेगळं ॲप करायचं आणि तेही केवळ युरोपातल्या लोकांना द्यायचं. परवानगी मिळून वर्ष उलटलं तरी एकाही मोठ्या ब्राउझरनं स्वतःचं इंजिन आयफोनवर आणलं नव्हतं.

यातली अवघड गोष्ट ही की ॲपलची ही सक्तीच आज ब्लिंकला पूर्ण मैदान मारू देत नाही. आयफोनवाले गिऱ्हाईक गमवायचे नाहीत म्हणून कंपन्या सफारीत तपासतात. उद्या जगभर ही सक्ती उठली आणि आयफोनवरही खरा क्रोम आला, तर वेबकिटसाठी कोण तपासणार? मी स्वतः सक्ती उठावी याच मताचा आहे. पण तिच्याबरोबर गूगलच्या बाजूलाही लगाम हवा, नाहीतर एकाची मक्तेदारी मोडून दुसऱ्याची पक्की केल्यासारखं होईल.


मुळाकाठ

ऱ्हाईनकाठ, शंभर टक्के सहमत, आणि हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

आता पैशाकडे वळू, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. ब्राउझर फुकट असतो. मग इंजिनावरच्या शेकडो अभियंत्यांचा पगार कुठून येतो? शोधपट्टीतून. सफारीत गूगल शोध पहिला असावा यासाठी गूगलनं २०२२ या एका वर्षात ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. मोझिलाची तऱ्हा याहून बिकट. मे २०२५ मध्ये त्यांच्या वित्तप्रमुखांनी न्यायालयात सांगितलं की मोझिलाचं ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं सुमारे ८५ टक्के गूगलच्या करारातून. म्हणजे गूगलच्या इंजिनाला पर्याय म्हणून जे एक स्वतंत्र इंजिन उरलं आहे ते गूगलच्याच पैशावर उभं आहे.

न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलनं शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सरकारी वकिलांनी क्रोम विकायला लावा अशी मागणी केली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात मेहतांनी ती फेटाळली. फक्त-आम्हीच असे करार करायचे नाहीत म्हणाले, पण पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. माझ्या मते क्रोम विकायला न लावणं समजू शकतं. विकत घेणारा तरी कुठला साधुसंत मिळणार होता? पण पैसे देणं चालू राहिलं म्हणून मोझिला तगली, आणि त्याच पैशानं गूगलचं स्थानही तगलं. हा गुंता न्यायालयात सुटण्यातला नाही.


चिंचवडकर

मग भारतानं काय केलं? 'स्वदेशी ब्राउझर'ची मध्यंतरी खूप चर्चा होती.


सह्याद्री_सुरक्षा

स्वदेशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केली होती, सीडॅकच्या मदतीनं. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहोला पहिलं बक्षीस, एक कोटी रुपये. त्यांचा उला ब्राउझर चांगला आहे, मी वापरून पाहिलाय, खासगीपणाच्या सोयी नीट विचार करून दिल्या आहेत. पण तोही क्रोमियमवरच आहे. साइट खरी असल्याची खात्री देणाऱ्या भारतीय प्रमाणपत्र यंत्रणेचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरात आधीपासून असावं, ही स्पर्धेतली अट मला योग्य वाटते. इंजिनाचा प्रश्न त्यात नव्हताच. एक कोटीत इंजिन होत नाही, हेही तितकंच खरं.

स्पर्धा आयोगाचा आदेश मात्र थेट या विषयाला भिडतो. २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड प्रकरणात आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि ॲप स्टोअरमधल्या वर्चस्वाच्या जोरावर क्रोमचं स्थान राखलं असं त्या आदेशात नोंदवलं आहे. नव्या फोनवर क्रोम आधीच बसवलेला येतो, काढून टाकता येत नाही, हे आपण सगळेच बघतो.


मांडवीकाठ

एक गोष्ट विसरली जाते. भारतात गेको कोट्यवधी लोकांच्या हातात होतं. २०१७ मध्ये आलेला जिओफोन कायओएसवर चालायचा, आणि कायओएस म्हणजे मोझिलानं सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसचं पुढचं रूप. खुद्द फायरफॉक्स ओएसचा इंटेक्सचा फोन २०१४ मध्ये १,९९९ रुपयांना मिळायचा. पण जिओफोनमधलं गेको जुन्या आवृत्तीवर अडकून राहिलं. वेबच्या नव्या गोष्टी त्यात उघडत नसत. दोष मात्र लोकांनी स्वस्त फोनला दिला.


कोडजुईली

मी टेस्टिंगमध्ये आहे. एवढं सगळं वाचून जरा घाबरायला झालं. नवीन इंजिन कुणी लिहितच नाहीये का?


मुळाकाठ

लिहितायत, जुईली. दोन नावं लक्षात ठेव.

लेडीबर्ड. अँड्रियास क्लिंग यांनी स्वतःच्या सेरेनिटी ओएसचा भाग म्हणून सुरू केलं, २०२४ मध्ये वेगळं काढून त्यासाठी ना-नफा संस्था केली. ब्लिंक, वेबकिट, गेको यांच्यातला कोड न घेता प्रमाणं वाचून इंजिन लिहितायत, आणि शोधपट्टी विकून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. पहिली कच्ची आवृत्ती २०२६ मध्ये आणायचं उद्दिष्ट आहे.

सर्वो. मोझिलानं २०१२ मध्ये रस्ट भाषेत सुरू केलं. त्यातला सीएसएसचा भाग २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये गेलाही. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलानं अडीचशेच्या आसपास माणसं कमी केली त्यात हा गट गेला. पण प्रकल्प मेला नाही, लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि २०२३ पासून स्पेनमधल्या इगालिया या कंपनीच्या लोकांनी त्यात पुन्हा जीव ओतला.

यातलं कुठलंही उद्या क्रोमची जागा घेणार नाही. पण क्लिंग यांच्या लोकांनी प्रमाणांतल्या चुका शोधून कळवल्या आहेत, कारण ते नियम पहिल्यापासून वाचतायत. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.


चिंचवडकर

हे लेडीबर्डचं माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. तीन इंजिनांवर तपासायला गिऱ्हाईक पैसे देत नाही, ही वस्तुस्थिती राहतेच. पण फायरफॉक्समध्ये रोजचं काम करून बघायला हरकत नाही. निदान माझ्या साइट कुठे मोडतात ते मला आधी दिसेल.


कोडजुईली

आमच्याकडे मराठी साइटचं काम सुरू आहे. सफारी आणि फायरफॉक्स दोन्ही चाचणीच्या तक्त्यात टाकायला मॅनेजर तयार आहेत, फक्त काय तपासायचं ते लिहून मागितलंय. अभ्रकदादा, मदत कराल? आणि काही चुकीचं दिसलं तर कळवायचं कुठे?


अभ्रक

नक्की. फायरफॉक्सच्या मेन्यूतच मोडलेल्या साइटची तक्रार करायची सोय आहे. वेबकॉम्पॅट नावाच्या संकेतस्थळावर कुठल्याही ब्राउझरची करता येते. इंजिनातलीच चूक असेल तर क्रोमियम, वेबकिट आणि मोझिला तिघांच्या तक्रारवह्या सगळ्यांना खुल्या आहेत. चित्र जोडा, पानाचा लहानात लहान नमुना करा, आणि मराठी न येणाऱ्याला कळेल असं 'दिसायला हवं ते' आणि 'दिसतं ते' शेजारी शेजारी ठेवा. यातल्या लोकांना आपली लिपी येत नाही, पण नीट समजावलं तर ते मनापासून काम करतात, हा माझा अनुभव आहे.

आधी पानाची भाषा मराठी लिहिली आहे का ते बघ. मग हे शब्द ठळक, तिरप्या आणि मोठ्या अक्षरांत, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवूनही तपास : आचाऱ्यांना, आचार्यांना, दऱ्याखोऱ्या, क्षितिज, ज्ञानेश्वरी, उद्ध्वस्त, वाङ्मय, शृंगार, श्लोक, कॅलेंडर, ॲप, हॉटेल, अठ्ठ्याण्णव. सर्च खोक्यात 'अठ्ठ्याण्णव' लिहून बॅकस्पेस दाबत जा आणि दर वेळी काय उरतं ते तिन्ही ठिकाणी लिहून ठेव.

अजून अवघड शब्द कुणाला सुचत असतील तर इथेच टाका, मी नमुना पान करून ठेवतो.


शेवंता_ना

कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, स्वातंत्र्य, ट्रॅक्टर, कर्तृत्व, नैर्ऋत्य. शेवटचा तर बहुतेक फाँटांचीही परीक्षा घेतो.